जिंजीच्या वाटेवर

आमच्या कंग्राळीने आयुष्यात एकच मोठा प्रवास केला, आणि तोही जागचे न हलता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सकाळी गाव जागे झाले तेव्हा ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलेले होते. मार्कंडेय नदी होती तिथेच होती, भाताची खाचरेही होती तिथेच होती. पुढे १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले. गावाच्या अशा प्रवासाची सवय झाल्यामुळे असेल, पण आम्हां गावकऱ्यांना स्वतः उठून लांब जाण्याची हौस अंमळ कमीच. पंढरपूर, सौंदत्ती, जोतिबा एवढी आमची पृथ्वी.

मी तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षे इतिहास शिकवला. दरवर्षी एक धडा यायचा : रायगडाला वेढा पडलेला, संभाजीमहाराजांची हत्या झालेली, आणि एकोणीस वर्षांचे राजाराममहाराज वेष पालटून दक्षिणेला जिंजीकडे निघालेले. धडा पुस्तकात जेमतेम दीड पानाचा. 'राजाराममहाराज जिंजीस पोहोचले' या एका वाक्यात पन्हाळ्यापासून तमिळ मुलखापर्यंतची सारी वाट संपून जाई. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, ते कुठल्या रस्त्याने गेले?" मी फळ्यावर नकाशा काढला, पन्हाळ्यावर एक टिंब दिले, जिंजीवर दुसरे दिले आणि दोहोंमध्ये एक सरळ रेघ ओढली. ती रेघ खोटी आहे हे मला तेव्हाही ठाऊक होते. निवृत्तीनंतर ती मनाला बोचू लागली. ती वाट एकदा आपल्या गाडीने, जमिनीवरून पाहावी असे ठरवले.

प्रवासाचे अर्धे सुख त्याच्या आखणीत असते, याचा अनुभव मला त्या चार महिन्यांत आला. दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर इतिहासाची वाट लिहिली. सप्टेंबर १६८९ च्या अखेरीस महाराज पन्हाळ्याहून निघाले. सोबत मोजकी माणसे, अंगावर यात्रेकरूंचे वेष आणि पाठीवर मोगलांची पथके. तुंगभद्रेच्या परिसरात ते पकडले जाता जाता वाचले. बिदनूरच्या, म्हणजे केळदीच्या, राणी चेन्नम्माने त्यांना आश्रय देऊन मुलखातून सुखरूप पुढे पाठवले. बंगळुरास पुन्हा संशय आला, तेव्हा खंडो बल्लाळ आदी मंडळी मागे राहिली आणि त्यांनी मार सोसला, पण तोंड उघडले नाही. तिथून वेलोर आणि नोव्हेंबरमध्ये जिंजी. पावसाळ्याचा शेवट, दुथडी भरलेल्या नद्या आणि अनोळखी मुलूख, अशा स्थितीत ती वाट त्यांनी महिन्या-सव्वा महिन्यात कापली.

दुसऱ्या पानावर आमची वाट होती. कंग्राळीहून कित्तूर, हुबळी, हावेरीवरून सागरजवळचे केळदी. तिथून शिमोगा आणि होदिगेरे. मग बंगळूर, वेलोर, जिंजी आणि शेवटी, एवढ्या दूर जाऊन न पाहता परतणे पाप ठरले असते म्हणून, तंजावर. जाऊन येऊन सुमारे दोन हजार किलोमीटर. चिरंजीव बंगळूरला नोकरीला असतात. नातीच्या शाळेला नाताळची सुट्टी, तमिळनाडूतला ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस तोवर ओसरलेला, ऊन सौम्य. म्हणून डिसेंबरचा शेवटचा आठवडा ठरला. मुलगा, सूनबाई आणि नात रेल्वेने कंग्राळीला यायचे आणि आम्ही पाचजणांनी माझ्या गाडीने निघायचे.

पुढची पाने कामांची. चारही टायर आणि स्टेपनी तपासणे, ब्रेकचे तेल, बॅटरी, विम्याचे आणि प्रदूषण तपासणीचे कागद, फास्टॅगमध्ये पैसे. रोज पहाटे पाचला निघायचे आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, असा नियम मी ठळक अक्षरांत लिहिला. सौभाग्यवतींनी आपली वेगळी यादी केली : दशम्या, शेंगांची चटणी, मेतकूट, पातळ पोहे, शेगडी नको पण थर्मास दोन, आणि वाटेत कुणी भेटले तर द्यायला बेळगावचा कुंदा. "अहो, ओळख ना पाळख, तिथे कोण भेटणार आहे तुम्हांला?" असे म्हणत त्यांनीच दोन डबे जास्तीचे बांधले.

दिवस मावळायच्या नियमामागचे खरे कारण मात्र मी वहीत लिहिले नव्हते. सहा महिन्यांपूर्वी चष्म्याचा नंबर बदलायला गेलो असता डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, निरनिराळ्या यंत्रांसमोर बसवले आणि काचबिंदू असल्याचे सांगितले. हा रोग दुखत नाही, खुपत नाही. समोरचे अक्षर स्वच्छ दिसत राहते आणि नजर कडेकडेने, चोरपावलांनी, आत सरकत येते. गेलेली नजर परत मिळत नाही. राहिलेली राखण्यासाठी रोज थेंब घालायचे. "गाडी चालवायचे आता थांबवा," डॉक्टर म्हणाले, "रात्री तर मुळीच नको." मी थेंबांची बाटली घरी दाखवली, 'डोळे कोरडे पडतात' असे सांगितले आणि डॉक्टरांच्या सल्ल्यातले 'रात्री' एवढेच लक्षात ठेवले. आपल्याला सोयीचा तेवढाच मजकूर वाचण्याची खोड मी आयुष्यभर मुलांमध्ये शोधून शिक्षा केली होती.

निघालो त्या पहाटे धुके होते. चिरंजीव म्हणाले, "अप्पा, मी चालवतो." मी म्हणालो, "कर्नाटकातला रस्ता माझा, तमिळनाडूतला तुझा." पुणे-बंगळूर महामार्गाला आम्ही अजून 'एन. एच. फोर'च म्हणतो; २०१० साली त्याचा क्रमांक ४८ झाला हे पाट्यांपुरतेच. तासाभरात कित्तूर आले. नातीने विचारले, "आजोबा, राजाराममहाराजांना मदत केली ती हीच चेन्नम्मा का?" मी सांगितले, ही कित्तूरची, हिने १८२४ साली इंग्रजांना हरवले, आपण चाललो आहोत ती तिच्या आधी सव्वाशे वर्षांची, केळदीची. कर्नाटकाच्या मातीत दोन राण्या एकाच नावाच्या आणि दोघीही न वाकणाऱ्या निघाल्या, हे ऐकून सूनबाई हसून म्हणाल्या, "मग नाव बदलून कशाला ठेवतील लोक!"

हावेरीनंतर सपाट काळी जमीन मागे पडते आणि हळूहळू मलनाडाची हिरवाई सुरू होते. दुपारी केळदीला पोहोचलो. गाव लहान, देऊळ जुने, कौलारू छपराचे आणि शांत. वीरभद्राच्या मंदिरासमोर दगडी ध्वजस्तंभ आहे. त्याच्या तळाशी काही आकृती कोरलेल्या आहेत. देवळात झाडलोट करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांतल्या दोन आकृतींवर बोट ठेवून कानडीत सांगितले, "ही आमची राणी आणि हा तुमचा राजा." मी मराठी बोलतो हे त्यांनी सौभाग्यवतींच्या बोलण्यावरून ओळखले होते. आकृती कुणाच्या याचा निवाडा अभ्यासक करोत. मला त्यांच्या 'आमची' आणि 'तुमचा' या दोन शब्दांत कुठेही धार नव्हती याचेच नवल वाटले. सीमाभागात वाढलेल्या आमच्या कानांना त्या शब्दांची धार लवकर ऐकू येते. राणीने आश्रय दिला म्हणून औरंगजेबाने तिच्यावर फौज पाठवली. ती लढली. हरलेल्या शत्रूच्या मुलाला नव्हे, तर तिच्या राज्याला पूर्वी उपद्रव दिलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला तिने घरात घेतले होते. दीड पानाच्या धड्यात तिला मी फार तर अर्धी ओळ दिली होती. कुंद्याचा पहिला डबा त्या गृहस्थांच्या हातात पडला.

दुसऱ्या दिवशी शिमोग्याहून चन्नगिरी तालुक्यात शिरलो. होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा तिथे अंत झाला. वेरूळच्या भोसल्यांचा हा पुरुष, पुणे त्यांची जहागीर, बंगळूर त्यांचे ठाणे, एक मुलगा रायगडावर छत्रपती झाला आणि दुसरा तंजावरास राजा. समाधी मात्र सुपारीच्या बागांनी वेढलेल्या एका आडगावात, अगदी साधी. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या पहिल्या मोठ्या मराठी कुटुंबप्रमुखाला आम्ही पाचजणांनी नमस्कार केला. नात म्हणाली, "म्हणजे हेही आपल्यासारखेच, घर एकीकडे आणि काम दुसरीकडे." बंगळूरात जन्मलेल्या मुलीने तो हिशेब माझ्याआधी केला.

होदिगेरे सोडल्यावर अर्ध्या तासाने ते घडले. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंस सुपारीच्या बागा, ऊन-सावलीची जाळी. गाडी फार वेगात नव्हती. डावीकडच्या बागेतून सायकलवर एक शाळकरी मुलगी रस्त्यावर आली. मागच्या आसनावरून सूनबाई ओरडल्या, चिरंजीवांनी हात पुढे केला आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा सायकलचे चाक आणि आमचा बंपर यांत हातभराचे अंतर होते. मुलगी पडली नाही. तिने एकदा आमच्याकडे पाहिले, वेणी मागे टाकली आणि ती निघून गेली.

"अप्पा, ती केव्हाची येत होती," चिरंजीव हळू आवाजात म्हणाले. "बांधापासून दिसत होती."

मला ती दिसली नव्हती. बांधापासून नाही, बागेच्या कडेपासून नाही; ती थेट गाडीसमोरच उगवली होती. माझ्या दृष्टीच्या डाव्या कडेला जे होते ते काळोख नव्हता, धूसरही नव्हते. तिथे काहीच नव्हते, आणि काही नाही हेही मला कळत नव्हते. गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि एका झाडाला टेकून उभा राहिलो. मग सगळ्यांसमोर डॉक्टरांचे वाक्य पूर्ण सांगितले.

सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "छत्तीस वर्षे लोकांची पोरं सांभाळलीत, आणि आज..." पुढे त्यांना बोलवेना. मला तो शब्द ऐकायचाच होता. चिरंजीवांनी मला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी किल्ली त्या हातावर ठेवली. लहानपणी शाळेत जाताना ज्याचे बोट मी धरत असे, तो हात आता माझ्यापेक्षा रुंद झाला आहे हे मी प्रथमच पाहिले. कर्नाटकातला माझा रस्ता मध्येच संपला होता. तिथून पुढे मी डाव्या बाजूच्या आसनावर बसलो आणि वही मांडीवर घेतली.

सांगायला संकोच वाटतो, पण मला प्रवास खऱ्या अर्थाने त्यानंतर दिसला. गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, मुलूख दिसत नाही. बंगळूरला एक दिवस विसावून आम्ही कृष्णगिरीवरून वेलोरला उतरलो. चहूबाजूंनी पाण्याचा खंदक असलेला तिथला भुईकोट महाराजांच्या वेळी मराठ्यांच्याच ताब्यात होता. इथवर पोहोचल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास घेतला असेल. रात्री तिरुवन्नामलैला मुक्काम केला आणि सकाळी जिंजी.

जिंजी म्हणजे एक किल्ला नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा लांबच लांब तट. राक्षसाने गोटे रचून ठेवावेत तशा त्या टेकड्यांवर प्रचंड शिळा रचलेल्या आहेत. १६७७ साली शिवाजीमहाराजांनी हा किल्ला घेतला, मजबूत केला, आणि बारा वर्षांनी तोच त्यांच्या धाकट्या मुलाच्या कामी आला. मोगलांचा वेढा १६९० ते १६९८ असा सुमारे आठ वर्षे पडला होता. किल्ला शेवटी पडला. पण राजाराममहाराज त्याआधीच निसटून महाराष्ट्रात परतले होते. तोवर मराठ्यांचे राज्य एका किल्ल्याचे उरले नव्हते, ते लोकांचे झाले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा. महाराष्ट्राबाहेरचा एकुलता एक. बाहेर राहणाऱ्यांना या बाराव्याबद्दल थोडी अधिक आपुलकी वाटली तर ते क्षम्य मानावे.

राजगिरी चढायला निघालो. पायऱ्यांच्या कडा मला नीट उमगत नव्हत्या, विशेषतः डावीकडच्या. नात माझ्या डाव्या हाताला आली आणि न सांगता तिथेच राहिली. "आजोबा, पायरी. आजोबा, आता मोठी पायरी." अर्ध्यावर मी थांबलो, चिरंजीव आणि नात माथ्यापर्यंत जाऊन आले. त्यांनी वर काय पाहिले ते मला सांगितले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. फळ्यावरची सरळ रेघ त्या शिळांवर बसून मी मनातल्या मनात पुसली.

तंजावरला संध्याकाळी पोहोचलो. गाडीचा 'केए' क्रमांक पाहून निवासाच्या व्यवस्थापकांनी कानडी का, म्हणून विचारले. मराठी म्हटल्यावर ते म्हणाले, "मग इथले का?" या प्रश्नाची आम्हांला सवय नव्हती. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास हे राज्य घेतले आणि १८५५ पर्यंत भोसले कुळ इथे नांदले. या गादीवरच्या दुसऱ्या शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे नाटक लिहिले. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'चे साल १८४३. तमिळ हरिकथेत आजही साकी आणि दिंडी गातात, त्या इथल्या मराठी कीर्तनातून गेलेल्या. सांबाराचा जन्मही तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला अशी एक ऐकीव गोष्ट आहे. ती खरी की खोटी, सौभाग्यवतींनी मात्र त्या रात्री सांबार दोनदा मागून घेतले.

सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळची एक गोष्ट पाहून मी थबकलो. १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत या राजाने ग्रंथ तर जमवलेच, पण धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळाही चालवली. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे जतन केलेली आहेत. कुणा अनाम रुग्णाचा एकेक डोळा कागदावरून दोनशे वर्षे पाहतो आहे. आपल्या डोळ्याला काय झाले आहे हे त्या माणसाने निदान दाखवले होते.

बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केले. त्याच्या भोवतालच्या ओवरीत, नैऋत्येच्या भिंतीवर, सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरवून ठेवला आहे. ओळींमागून ओळी, भिंतीमागून भिंत. दुपार कलली होती, ओवरीत मंद उजेड होता. मी चष्मा पुसला, पुढे झालो, मागे झालो. दगडावर ओरखडे दिसत होते. अक्षर काही लागेना. आयुष्यभर ज्याने लोकांच्या मुलांना वाचायला शिकवले, त्याला हजार किलोमीटर येऊन आपलीच लिपी वाचता येत नव्हती.

नात इंग्रजी शाळेत जाते. देवनागरी तिला येते ती हिंदीच्या तासामुळे. मराठी ती बोलते, वाचत नाही. 'तिला मराठी वाचायला शिकवा' यावरून चिरंजिवांशी माझे चार वर्षे अबोल्याचे खटके उडालेले. ती भिंतीशी गेली, एका अक्षरावर बोट धरले आणि पहिलीतल्या मुलांसारखी जोडून जोडून वाचू लागली. "श... हा... जी. आजोबा, शहाजी! आपण गेलो होतो ना तिथे?" मग आणखी एक शब्द, मग आणखी एक. अडली की मला अक्षराचा आकार सांगायची आणि मी ते कोणते ते सांगायचो. माझे अक्षरज्ञान आणि तिची नजर अशी मोळी बांधून आम्ही पाऊण तासात चार-पाच ओळी वाचल्या. चिरंजीव मागे उभे होते. मी वळून पाहिले नाही. पाहण्याची गरज नव्हती.

बाहेर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमचे बोलणे ऐकून त्यांनी मराठीत विचारपूस केली. बोलण्याला तमिळ हेल, पण मधूनच एखादा शब्द असा येई की मला माझी पणजी आठवावी. त्यांची मुले घरात मराठी बोलतात, नातवंडे फक्त आजीशी बोलतात, असे ते म्हणाले. "आजी आहे तोवर आहे," एवढे सांगून ते थांबले. कुंद्याचा शेवटचा डबा त्यांच्याकडे राहिला.

परतीला दोन दिवस लागले. कंग्राळीच्या वेशीवर गाडीच्या काट्यावर दोन हजार एकशे चाळीस किलोमीटर भरले होते. त्यांतले माझ्या हातचे जेमतेम साडेतीनशे. दुसऱ्या दिवशी चिरंजिवांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले आणि या वेळी सगळी वाक्ये सर्वांनी मिळून ऐकली. साठी ओलांडलेल्या वाचकांना हात जोडून सांगतो : चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्यांतला दाबही मोजून घ्या, आणि डॉक्टर सांगतील ते घरी अर्धे सांगू नका.

गाडी आता चिरंजिवांकडे बंगळूरला आहे. दर रविवारी सकाळी नात फोन करते. मी इकडे वहीतून चार ओळी निवडतो, ती तिकडे त्या मराठीतून लिहून घेते आणि मला वाचून दाखवते. मागच्या रविवारी तिने विचारले, "आजोबा, पन्हाळा ते कंग्राळी हा तुकडा तर आपण केलाच नाही?" खरेच राहिला तो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे ठरले आहे. आखणीची वही या खेपेला तिच्याकडे आहे.